मोटरच्या बैठकीतला अर्धा मिलिमीटर

भाऊजी,

ओवीने काल फोनवर पुन्हा विचारलं, "आजी, बाळू आजोबांच्या गाडीचं पुढे काय झालं?" तिने "आमच्या गाडीचं" असं विचारलं नाही. गाडी तिची आणि निहारची, त्यांच्या बाबाने घेतलेली, तरी ती आता तुमची झाली आहे. मी "सांगते सावकाश" म्हणून विषय बदलला. साठ वर्षं तुमची वहिनी असलेली, शाळेत तीस वर्षं मुलांना "विचारलंय तेवढ्याचं उत्तर लिहा" असं सांगणारी बाई एका बारा वर्षांच्या मुलीला उत्तर देऊ शकली नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. लिहिते तुम्हाला. वाचणार मात्र ती दोघं, तिकडे नेदरलँड्समध्ये, त्यांच्या आईकडून अवघड शब्द विचारून घेत. तेव्हा मधूनमधून एखादी गोष्ट तुम्हाला ठाऊक असूनही मी सांगेन, ती त्यांच्यासाठी.

मी लग्न होऊन जांबे गावात आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात. मी पुण्यातली, इंग्रजी शाळेत शिकलेली, एकोणीस वर्षांची. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, धाकटा दीर असला तरी "भाऊजी" म्हणायचं आणि "तुम्ही" म्हणायचं. मला हसू आलं होतं. नाक पुसायची शुद्ध नसलेल्या मुलाला मी "भाऊजी, तुम्ही जेवलात का?" असं विचारायची आणि तुम्ही मागे वळून बघायचात, कोणाला विचारते म्हणून. पुढे सवय झाली, इतकी की तुम्हाला "तू" म्हणण्याची माझी कधी हिंमतच झाली नाही. म्हशीच्या मागून जायचं नाही, विहिरीच्या कोणत्या पायरीवर शेवाळ असतं, कोणत्या चुलतसासूपुढे हसायचं नाही, हे सगळं मला तुम्ही शिकवलंत. आणि बदल्यात गावभर सांगत फिरलात, "आमची वैनी पुस्तकावानी बोलती."

मी तुम्हाला इंग्रजी शिकवलं. दहावीला तुम्ही इंग्रजीत दोनदा नापास झालात. दुसऱ्या वेळी तुमचे भाऊ, म्हणजे ओवी-निहारचे आजोबा, ओट्यावर सर्वांसमोर तुम्हाला बोलले आणि मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, तू नक्की काय शिकवत होतीस दोन वर्षं? मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "वैनीनं चांगलं शिकीवलं. माजंच टाळकं दगड हाय." मी ते चालवून घेतलं. खरं तर मी तुम्हाला फार भराभर शिकवत असे. तुम्हाला आलं नाही की मी पुन्हा तेच, तितक्याच वेगाने, जरा मोठ्या आवाजात सांगे. इतक्या वर्षांनी मागे वळून बघताना वाटतं, तिथेच आपल्या दोघांचा एक कायदा ठरून गेला. वहिनी बरोबर. चूक असली तर ती बाळूची.

मग तुम्ही आयटीआयला टर्नरचं शिक्षण घेतलंत, पिंपरीच्या कारखान्यात राहिलात आणि निवृत्तीनंतर कासारसाईच्या रस्त्याला आपल्या जमिनीच्या तुकड्यात पत्र्याची शेड घालून स्वतःचा लेथ बसवलात. आजूबाजूच्या सगळ्यांनी खोल्या चढवल्या, आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. तुम्हीही चढवल्यात, पण शेडची जागा सोडलीत. तुमचा मुलगा सचिन म्हणायचा, दादा, तिथे सहा खोल्या बसतील. तुम्ही म्हणायचात, "खोलीला काय अक्कल लागती व्हय?" हे गेले तेव्हा दिवस घालून उठल्यावर तुम्ही मला पितळेच्या मुठीची काठी करून आणली होती. मला काठीची गरज नव्हती. तुम्हाला काहीतरी करायचं होतं आणि बोलता येत नव्हतं. ती मूठ माझ्या तळहातात इतकी नेमकी बसते, की तुम्ही माझ्या हाताचं माप कधी घेतलंत हे मला आजवर कळलेलं नाही.

आता गाडी.

मुलं गेल्या उन्हाळ्यात ती इथे ठेवून गेली. रिमोटवर चालणारी, हातभर लांब, आणि तिच्या पोटात खरंखुरं छोटं इंजिन. बाटलीतलं खास इंधन घालायचं, मग ती कर्कश आवाज करत, निळा धूर सोडत अंगणातून सुटायची. कोंबड्या पळायच्या, वरच्या मजल्यावरची भाडेकरू मुलं गॅलरीत यायची. शालन, तुमची बायको, पदर नाकाला लावून म्हणायची, ह्यापरीस डास परवडले. शेवटच्या आठवड्यात इंजिन अडकलं ते अडकलंच. मुलं गेली. ओवीने तिकडून तुम्हाला सांगितलं, आजोबा, तिला आता बॅटरीची करू या, म्हणजे धूर नाही, आवाज नाही, शालन आजी रागावणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही येऊ तेव्हा चालवू.

तुम्ही गाडी उलटी करून मांडीवर घेतलीत आणि दोन दिवस नुसती बघत राहिलात. तिसऱ्या दिवशी चहाला आलात तेव्हा तुमचा चेहरा मला आठवतो, वयाने सत्तरीच्या जवळ आणि डोळे नऊ वर्षांचे. इंजिन काढून मोटर बसवायची, पण मोटरला त्या गाडीत बसायला जागाच नाही. इंजिनाची भोकं वेगळी, मोटरची वेगळी. मध्ये एक अॅल्युमिनियमचा तुकडा हवा, इंग्रजी एल अक्षरासारखा. आडवी बाजू गाडीच्या तळाला बोल्टने धरणार, उभी बाजू मोटरला. मोटरच्या दांड्यावर छोटं दातेरी चाक, त्याला पिनियन म्हणतात. ते गाडीच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवणार. ह्या तुकड्याला इंग्रजीत माउंट म्हणतात हे मी वाचून सांगितलं. तुम्ही त्याला बैठक म्हणालात. मोटरची बैठक. मग मीही तेच म्हणायला लागले.

भाऊजी, ते दोन महिने माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले होते. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सकाळी दहाला तुम्ही शेडमधून यायचात. मी इंटरनेटवर वाचून ठेवलेलं मराठीत समजावून सांगायची, तुम्ही ऐकून म्हणायचात, आसं व्हय, आणि मग तेच मला चार शब्दांत परत सांगायचात, माझ्यापेक्षा सोपं करून. दोन चाकांच्या दात्यांमध्ये किती जागा सोडायची, ह्यावर मी एक लांबलचक इंग्रजी परिच्छेद वाचला. तुम्ही म्हणालात, "नवरा-बायकूगत हाय, वैनी. लई जवळ आली तर कुरकुर, लई लांब गेली तर खडखड. मदी कागदाची पट्टी जाईल एवढी फट पायजे." शालन आतून म्हणाली, मग आमच्यात कुटल्या वहीचा कागुद घातला म्हनायचा? तुम्ही म्हणालात, पंचांगाचा.

मी रेखाचित्र काढलं. पट्टी, कंपास, बारीक पेन्सिल, मग वरून शाई. दोन्ही चाकांच्या दात्यांची बेरीज करून तिला दोनाने भागलं, की त्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मिळत होतं. मोठ्या चाकाला शेहेचाळीस दाते, आणि मी मागवलेल्या पिनियनला तेरा. साडेएकोणतीस. मी तो आकडा लाल शाईने लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

आपला वाद झाला तो तळाच्या भोकांवरून. तुम्ही म्हणत होतात की भोकं गोल नकोत, लांबट पाडू. मग मोटर जराशी इकडेतिकडे सरकवता येते, दात्यांत कागदाची पट्टी घालून चाकं जुळवायची, बोल्ट आवळायचे, पट्टी ओढून घ्यायची. मी म्हटलं, अंतर बरोबर ठाऊक असताना सरकवायची सोय कशाला ठेवायची? ही अंदाजाची कामं झाली. गणिताने आलंय ना साडेएकोणतीस, मग साडेएकोणतीसवरच भोक. तुम्ही डोकं खाजवलंत. "वैनी, मान्सानं केलेल्या कामाला जरा हालाय जागा पायजे," म्हणालात. मी म्हटलं, भाऊजी, ह्याच स्वभावाने तुम्ही इंग्रजीत राहिलात. तुम्ही हसलात आणि गोल भोकं कबूल केलीत.

आणि तुमच्या हाताच्या ऑइलने कागद खराब होऊ नये म्हणून मी हिंजवडीला जाऊन ते चित्र प्लास्टिकमध्ये पक्कं करून आणलं. तुम्ही ते शेडमध्ये लेथच्या वर खिळ्याला टांगलंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचात. आमच्या वैनीनं काढलाय, बगा.

पुढचं लिहिताना मी दोनदा उठून आले.

पिनियनचं पार्सल आलं. तेरा दात्यांची संपली होती, दुकानदाराने चौदाची पाठवली. सोबत चिठ्ठीही होती. मी ती वाचली, चालेल म्हटलं, चिठ्ठी फाइलमध्ये तारखेने लावली. तुम्हाला पिनियन दिली. चित्र बदलायचं राहिलं. कागद साधा असता तर मी तिथल्या तिथे पेनाने खोडून तीस लिहिलं असतं. पण त्यावर प्लास्टिक होतं, चित्र शेडमध्ये होतं, आणि माझ्या मनात ते काम पूर्ण झालेलं होतं. माझ्या कागदावर चूक असू शकते हे मला सुचलंच नाही. तुम्हालाही सुचलं नाही.

तुम्ही बैठक केलीत. मी बघायला आले होते. अॅल्युमिनियमचा तो तुकडा आरशासारखा झाला होता, कडांवरून बोट फिरवलं तर लागत नव्हतं. मोटर बसवलीत, बोल्ट आवळलेत आणि चाक हाताने फिरवून बघितलंत. फिरेना. जोर लावलात तेव्हा कुरकुरत फिरलं. बॅटरी जोडली तशी मोटर कण्हली आणि जळका वास आला. तुम्ही लगेच तार ओढलीत.

माप घ्यायची वर्निअर घेतलीत, भोकांवर लावलीत. चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. वर्निअरवर साडेएकोणतीस दिसत होतं. चित्रावर साडेएकोणतीस होतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, दुसरी करतो.

दुसरी चार दिवस करत होतात. ती तितकीच सुरेख झाली आणि तितकीच अडली. मी पहिल्या खेपेला म्हटलं होतं की कानशीने भोक थोडं ओढून घ्या. तुम्हाला ते आवडलं नाही. आधीपासून ठरवून लांबट पाडलेलं भोक वेगळं, चुकलेलं भोक कानस मारून झाकणं वेगळं. तसं काम तुम्ही गिऱ्हाइकालाही कधी दिलं नव्हतं. दुसऱ्या बैठकीवरही तुम्ही वर्निअर लावलीत. आकडा पुन्हा बरोबर. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, आणि त्याच आठवड्यात तुमच्या हातून कपबशी निसटली होती. तुम्ही दोन्हींचा हिशोब जुळवलात. "हात तर गेलाच, वैनी. आता डोळा बी खोटं सांगाय लागला."

ओवी, निहार, तुम्ही शाळेत विज्ञान शिकता. थरथरणारा हात दोनदा अगदी त्याच जागी, तेवढाच, चुकेल का? दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले तर एकच तुकडा वाटत होता. हे कुणीही सांगितलं असतं. बाळू आजोबांना हे दिसलं नाही, कारण तसं दिसायला त्यांना आधी आजीच्या कागदावर संशय घ्यावा लागला असता.

त्या संध्याकाळी मी फाइल नीट लावायला घेतली आणि दुकानदाराची चिठ्ठी समोर आली. चौदा. मी शेडमधून गाडी मागवून घेतली आणि सुईचं टोक एकेका दात्यावर ठेवत मोजलं. पुन्हा मोजलं. चौदा आणि शेहेचाळीस, साठ. भागिले दोन, तीस. माझा कागद अर्ध्या मिलिमीटरने चुकला होता आणि तुम्ही तो दोनदा तंतोतंत पाळला होता.

सकाळी सांगायचं ठरवलं होतं मी. हे खरं आहे, भाऊजी. मी वाक्यही तयार केलं होतं. तुम्ही दहाला आलात, पण नेहमीसारखे आत आला नाहीत, ओट्यावरच बसलात. चहा हातात घेतलात आणि माझ्या आधी तुम्हीच बोललात. म्हणालात, "तुमचा कागुद बरूबर हाय, वैनी. मी राती लई इचार केला. माजाच हात गेला."

आणि मी म्हटलं, "असू द्या भाऊजी. वय झालं आता आपलं."

आपलं, म्हटलं मी. स्वतःलाही त्यात घेऊन ते प्रेमाचं करून टाकलं. तुम्ही मान हलवलीत. शालन दारात उभी होती, तीही ऐकत होती. मग तुम्ही कप खाली ठेवलात आणि शेडकडे गेलात. दुपारी सचिन म्हणाला, दादांनी लेथवर ताडपत्री घातली.

त्यानंतर पाच महिने. बुश करायला, शाफ्ट सरळ करायला कुणी आलं की तुम्ही त्यांना महाळुंग्याला जायला सांगायचात. तिथं पोरं हायेत, मशिनी नव्या हायेत. कासारसाईचे एक जुने गिऱ्हाईक तर भांडलेच, म्हणाले बाळूशेठ, पंपाचा दांडा तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देऊ? तुम्ही म्हणालात, माज्या सोडून कुणाच्या बी. दिवसभर तुम्ही ओट्यावर बसायला लागलात. तुम्ही बसणारे नव्हतात. तुम्ही बसलेले दिसलात की मी घरात दुसरं काम काढायची.

मी आडून प्रयत्न केले. ते सांगायलाही लाज वाटते. मी म्हटलं, भाऊजी, तुमचं बरोबर होतं, लांबट भोकंच पाडू या, एकदा करून बघा. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "आता दया नगं, वैनी," म्हणालात. मी चित्र काढून घ्यावं म्हणून शेडमध्ये गेले, तर तुम्ही ते माझ्या हातातून घेऊन परत खिळ्याला लावलंत. ऱ्हाऊ द्या, चांगलं दिसतंय. दिवाळीनंतर ओवीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तुम्ही तिला हसत सांगितलंत की आजोबाचा हात आता म्हातारा झाला, मोटरची बैठक काय जमली न्हाई. तिने तिकडून समजुतीने सांगितलं, इट्स ओके आजोबा, आम्ही इथे शाळेत प्रिंट करून आणू. तुम्ही म्हणालात, आणा, आणा. मी फोन धरून उभी होते. दोघांचेही चेहरे मला दिसत होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. एका मुलीच्या देखत मान खाली घालायची होती, एवढंच. मी म्हटलं, ओवी, तिकडे थंडी पडली का?

का बोलले नाही, ते मी बरंच शोधलं. भीती म्हणावी तर कुणाची? तुम्ही तर हसला असता. "आरं तिच्या, वैनी चुकली," म्हणत गावभर फिरला असता, शालनला सांगितलं असतं, भाडेकरूंना सांगितलं असतं, वर्षभर मला चिडवलं असतं आणि त्याच दुपारी ताडपत्री काढली असती. मला चिडवून घ्यायचं नव्हतं. साठ वर्षं मी ह्या घरात बरोबर असण्याचं काम केलं. शहरातून आले होते, म्हशीची धार मला येत नव्हती, भाकरी थापता येत नव्हती, माझ्याकडे तेवढं एकच होतं. ते हातातून सोडवेना. एवढंच सापडलं. हे काही कारण म्हणण्यासारखं नाही.

मग फाल्गुनातल्या एका सकाळी तुम्ही ओट्यावरूनच गेलात. त्याबद्दल मी मुलांना काही लिहीत नाही, त्यांच्या बाबाने सांगितलंच आहे.

दहाव्याला कासारसाईच्या धरणाच्या पाण्याशी सगळे जमले. भाषणं झाली. एका पुढाऱ्याने तुम्हाला प्रगतशील शेतकरी म्हटलं. तुम्ही आयुष्यात नांगर धरला नव्हतात. माझ्या शेजारी शालनला रडताना मध्येच हसू फुटलं आणि ते पुन्हा रडण्यात गेलं. मग पिंड ठेवले. मुलांनो, आपल्याकडे असं मानतात, की गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलं असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरचे एकेक जण पुढे होऊन त्याला शब्द देतात, तुझं अमुक आम्ही करू, तू काळजी करू नकोस. मी हे मानत नाही. तुम्हालाही ठाऊक होतं की मी मानत नाही.

कावळा समोरच्या बाभळीवर बसला होता. येईना. सचिन म्हणाला, दादा, शेड पाडनार न्हाई, तितं खोल्या न्हाई बांधनार. शालन म्हणाली, माजी काळजी नगा करू. कुणी बिडीचं बंडल ठेवलं. चुलतभावाने बांधाचा तंटा मिटवल्याचं सांगितलं. ऊन चढायला लागलं. तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मोठ्या वैनी, तुमी बोला. तुमचं ऐकायचे ते."

सगळ्यांनी मला वाट करून दिली. मी पुढे गेले, हात जोडले. मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. तिथल्या माणसांत ते एकट्या मलाच ठाऊक होतं. शंभर-दीडशे माणसं होती. मी म्हटलं, "भाऊजी, मुलांची काळजी करू नका. आम्ही आहोत."

कावळा उडाला आणि पलीकडच्या काठाला गेला. अर्धा तास वाट बघून गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक उठले, कपडे झटकले, जेवायला गेले. मी कावळ्यांवर विश्वास ठेवत नाही, भाऊजी. पण त्या दिवशी मी एका कावळ्यापुढेही खोटं बोलून आले, हे मला परतीच्या गाडीत कळलं.

तेरावा झाल्यावर मी शालनला सांगितलं. ती तुमच्या शर्टांच्या घड्या घालत होती. मी खाली तिच्यासमोर बसले आणि पिनियनपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ती घड्या घालत राहिली, घातलेली मोडून पुन्हा घातली.

मग म्हणाली, "अक्का, तुमाला ठावं न्हाई. रोज सकाळी त्ये माज्यापुढं हात धरायचे. असा. म्हनायचे, बघ गं, हालतोय का? मी म्हनायची न्हाई हालत. खरंच न्हाई हालायचा. तर म्हनायचे, तू बायकू हायेस, तू काय सांगनार. वैनी बी म्हनली वय झालं." तिने शर्टाची बाही सारखी केली. "तुमी म्हनला म्हनून खरं धरलं त्यांनी. माजं न्हाई धरलं."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला, जोरात नाही, शर्ट ठेवायचा होता म्हणून काढावा तसा. म्हणाली, "आता मला सांगून काय व्हनार. पोरांस्नी सांगा. त्यांच्या मनात आजोबाचा हात गेल्यालाच हाय."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. ते बरोबर आहे. मी समजूत काढायला गेलेले नाही, जाणारही नाही, तिचं मन होईल तेव्हा होईल.

तर ओवी आणि निहार, विचारलंय तेवढ्याचं उत्तर लिहिते. गाडी चालली नाही ती आजीमुळे. बाळू आजोबांनी मोटरच्या दोन बैठका केल्या आणि त्या दोन्ही मी लिहून दिलेल्या मापाला केसभरही चुकलेल्या नाहीत. सचिनकाकाने काल त्या हिंजवडीतल्या एका कारखान्यात मशीनवर मोजून आणल्या. तिथल्या माणसाने विचारलं म्हणे, हे हाताने कुणी केलंय? एक तुम्हाला पाठवते. तिकडे ती कुणी वापरू शकणार नाही. ती गाडीला लावायची नाही, भोकं वाढवायची नाहीत. कुणी विचारलं हे काय आहे, तर म्हणायचं, आमच्या आजोबांचं काम आहे आणि त्यावरचा आकडा आमच्या आजीचा आहे.

भाऊजी, आज सकाळी मी शेडमध्ये गेले. ताडपत्रीला हात लावला नाही, तो हक्क शालनचा. दार लोटून घेतलं, स्टुलावर बसले आणि त्या दिवशी चहाच्या वेळी तयार केलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं. चूक माझ्या कागदात आहे, भाऊजी, तुमच्या हातात नाही. रिकाम्या शेडमध्ये ते फारच लहान वाटलं. म्हणून घड्याळात बघून पुन्हा म्हटलं.

चार सेकंद लागतात.